तिसऱ्या फेरीत मोडलेली चौकट

सुन्नाच्या घराभोवती दोन फेऱ्या इस्सातने झकास मारल्या. घात झाला तो तिसऱ्या फेरीत.

फेऱ्या कसल्या, तर मागणीच्या. आमच्या सामी लोकांत जुनी चाल अशी, की मागणी घालायला आलेल्या पुरुषाने आधी तोंड उघडायचंच नाही. घसरगाडीला रेनडिअर जुंपायचा, मुलीच्या घराभोवती तीन फेऱ्या मारायच्या, दाराशी थांबायचं आणि नाकासमोर बघत बसून राहायचं. मुलगी बाहेर आली आणि तिने रेनडिअर सोडला, की होकार. नाही आली, तर जनावर वळवायचं आणि आपण जणू हवा खायलाच निघालो होतो अशा थाटात घरी जायचं. कुणाला तोंडावर नाही म्हणायची पाळी येत नाही. हल्ली ही चाल कुणी पाळत नाही, पोरंपोरी फोनवरच काय ते उरकतात. पण इस्सातचं लग्न जमवायचा विडा उचलला होता त्याच्या मामाने, मिक्कलने, आणि मिक्कलमामा म्हणजे जुनं खोड.

"फोनवर मागणी?" मामा कडाडला होता. "अरे, तू फोनवर 'हॅलो' म्हणेपर्यंत समोरचं माणूस म्हातारं होतं! त्यापेक्षा फेऱ्या बऱ्या. त्यात बोलावं लागत नाही."

हे मात्र खरं होतं. इस्सात चाळिशी ओलांडलेला, अंगापिंडाने दणकट, वादळात चुकलेलं पाडस हुंगून शोधून काढील असा गडी. पण त्याला काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. दुपारी विचारावं आणि संध्याकाळी कळावं. रेनडिअरांना त्याचा काही त्रास नव्हता. बायकांना होत असावा.

गाडीला जुंपायचा म्हणून शिकवलेला रेनडिअर आता इस्सातकडे नव्हता. सगळ्यांसारखा तोही बर्फगाडीवर बसूनच कळप हाकतो. मामाने त्यावरही तोड काढली. "बर्फगाडी तर बर्फगाडी. मागे घसरगाडी जोडलेली असली म्हणजे झालं. तिने घसरगाडीची खीळ काढली की रेनडिअर सोडल्यासारखंच. मी मागे बसतो."

असे दोघे निघाले. इस्सातच्या अंगात लाल किनारीचा सणाचा निळा अंगरखा आणि मामाच्या मांडीवर ब्रँडीची बाटली. गोठलेल्या देआत्नू नदीच्या अलीकडे इस्सातचं घर, पलीकडे सुन्नाचं. अलीकडे नॉर्वे, पलीकडे फिनलंड आणि त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर पुढे. त्यामुळे जेवणाच्या आधी पोचायचं की नंतर, आणि आधी तर कुणाच्या जेवणाच्या, यावर मामाने अर्धी सकाळ घालवली होती.

सुन्ना बर्फगाड्या दुरुस्त करते. घर, घराला लागून गॅरेज, आणि गॅरेजच्या मागे बर्फाखाली जुन्या, मेलेल्या इंजिनांचा ढीग. तो ढीग तिथे आहे हे नदीच्या दोन्ही काठांवरच्या झाडून सगळ्या माणसांना ठाऊक आहे, आणि इस्सातला तर सगळ्यांत जास्त, कारण त्या हिवाळ्यात तो तिच्याकडे या ना त्या निमित्ताने सारखा येत होता. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने ढिगाला लांबून वळसा घातला. तिसऱ्या फेरीत त्याला स्वयंपाकघराचा पडदा हलल्यासारखा वाटला. झालं! मान पडद्याकडे गेली, आणि माणसाचे हात मानेच्या मागोमाग जातात.

असा आवाज झाला की नॉर्वेतली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. गाडीची एक स्की पूर्वेला, दुसरी पश्चिमेला. इस्सात हँडलवरून पुढे बर्फात. घसरगाडी उलटली आणि मामा तिच्याखालून छातीपर्यंत बर्फात उभा निघाला. हातातली बाटली मात्र त्याने डोक्यावर धरली होती, सहीसलामत.

दार उघडलं. सुन्ना बाहेर आली. पायघोळ डांगरी, केसांना फडका, तोंडात घास. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग इस्सातकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"लागलं का?"

इस्सातने विचार केला. उत्तर यायच्या आत ती गुडघे टेकून गाडीखाली डोकावली होती.

"पुढची चौकट गेली," ती म्हणाली. "आता हिला आत न्यायला हवं." आणि उठून मागे गेली, घसरगाडीची खीळ पकडली आणि सटकन उपसून काढली.

"सोडली!" मामा बर्फातूनच गरजला. "सुन्नाने सोडली! स्वतःच्या हाताने! मी साक्षीदार आहे!"

"मामा, ही मागे लोंबकळत ठेवून गाडी दारातून आत कशी जायची?" सुन्ना म्हणाली.

"ते मला माहीत नाही. फेऱ्या तीन झाल्या, मुलगी बाहेर आली, तिने खीळ काढली. चाल म्हणजे चाल!"

"तिसरी फेरी पुरी झालेली नाही," दारातून आवाज आला. सुन्नाची आई, गाद्या तिचं नाव, खांद्यावर शाल टाकून उभी होती. ऐंशीची म्हातारी, पण कान आणि जीभ विशीतली. "तिसरी अर्ध्यावर राहिली. आणि मोडलेलं उचलणं वेगळं, आलेल्याला सोडून घेणं वेगळं. मिक्कल, आधी वर ये, मग भांड. ती बाटली काय म्हणून आणलीस?"

"मागणीची आहे."

"मग अजून उघडायची नाही," गाद्या म्हणाली, आणि बाटली त्याच्या हातातून घेऊन आत गेली. ती नंतर उघडली नाही असं मी म्हणणार नाही.

तर असा सगळा गोंधळ होऊन बसला. मामा म्हणे होकार मिळाला. गाद्या म्हणे छे. सुन्ना आपली पाने-हातोडे शोधत होती. आणि ज्याच्या जिवावर बेतलं होतं तो इस्सात सणाच्या अंगरख्यावरचं बर्फ झटकत मधोमध उभा. त्याला खरोखर काही कळत नव्हतं. त्यात भर म्हणजे, आठवड्याभरात कळप समुद्राकडे न्यायचा होता. एकदा गेला की पाडसं मोठी होऊन शरद ऋतूत परत येईपर्यंत या काठाला फिरकणं नाही. उत्तर मिळायचं तर तेवढ्यातच मिळायचं होतं. कळप हाकायचा तर गाडी हवी, आणि गाडी तर सुन्नाच्या दारात फतकल मारून बसली होती.

*

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मामाने पाय मुरगळल्याचं निमित्त करून गाद्याच्या घरी मुक्काम ठोकला होता. जेवायला बसताना त्याचा डावा पाय दुखायचा, उठताना उजवा. गॅरेजमधल्या एकुलत्या एका बऱ्या खुर्चीवर बसून तो देखरेख करत होता. इस्सात नदीवरून स्कीवर आला आणि सांगेल ते करायला उभा राहिला.

मोडलेली पुढची चौकट काढायची म्हणजे अर्धी गाडी सोलावी लागते, कारण सगळंच तिच्यावर बसलेलं असतं. सुन्नाने बॉनेट उतरवलं. मग दोन्ही स्की काढल्या. वाकलेले दांडे काढायला गेली तर बोल्ट गंजून बसलेले, म्हणून त्यांच्यावर तेल सोडलं, ज्योत दाखवली, पान्याला लांब पाइप लावला आणि इस्सातला म्हणाली, "लोंबकळ." तो लोंबकळला. बोल्ट कर्रर्र करून सुटला.

"हाही सोडला," मामा खुर्चीवरून म्हणाला.

तिने एक्झॉस्ट काढला. स्टिअरिंगचा दांडा काढला.

"हेही सोडलं. गाद्या, ऐकतेस ना? माझ्या आईने बाबांचा एकच रेनडिअर सोडला होता, तर दहा वर्षांत सहा पोरं झाली. इथे तर सगळंच सोडून चाललीय."

"मामा, आणखी एक शब्द बोललात तर तुमचेही सांधे सुटे करून त्या आकड्याला टांगीन," सुन्ना म्हणाली. "आधी दुखरा पाय. कुठला तो ठरवून ठेवा."

मामाने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. इंजिन साखळीने वर उचलून बाजूला ठेवलं, तेव्हा कुठे चौकट नीट दिसली. डाव्या अंगाने पार आत दबलेली, आणि जिथे ती गाडीच्या धडाला रिव्हेट मारून जोडलेली असते तिथून खालपर्यंत चिरलेली. सुन्नाने ड्रिलने एकेक रिव्हेटचं डोकं उडवलं आणि चौकट ओढून काढली. ती टेबलावर ठेवून तिने तिच्यावरून बोट फिरवलं. ते बोट बघून इस्सातला उगाचच गुदगुल्या झाल्या.

"एक सांग," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नाताळाच्या आधी तू प्लग काळे झाले म्हणून आलास. प्लग कोरे करकरीत होते. मग दिवा लागत नाही म्हणून आलास. बटण दाबलं, लागला. मग इंजिन खोकतंय म्हणून आलास, आणि मी अर्धा दिवस कान लावून बसले, ते काही खोकलं नाही."

इस्सातचे कान लाल झाले. "बिघाड होता," तो बऱ्याच वेळाने म्हणाला.

"होता ना. पण गाडीत नव्हता."

मामा इतका हसला की खुर्ची हलली. इस्सातही हसला असता, पण सुन्ना हसत होती की नाही हे तिच्या पाठीवरून कळत नव्हतं.

दुपारी गाद्याने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. कॉफी, कॉफीत बुडवायला सुक्या मांसाचे काप, आणि वर तिची बडबड.

"तू पहिला नाहीस बरं का," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी एक आला होता. माणूस चांगला, कळप तुझ्या दुप्पट. त्याचीही गाडी बिघडलेली. काम चाललं असताना तिला सांगत होता, लग्नानंतर गॅरेज बंद करावं लागेल, माझ्या घरात बाईला असलं काम करायची गरज नाही, हातही हळूहळू गोरे होतील. ही हूं नाही की चूं नाही. त्याची गाडी तिने इतकी सुरेख करून दिली, इतकी सुरेख, की तो त्याच संध्याकाळी ती घेऊन गेला आणि ती गाडी आजतागायत बिघडलेली नाही. म्हणजे परत यायला त्याला निमित्तच उरू नये."

इस्सातच्या घशात मांसाचा काप अडकला.

"म्हणजे मावशी, ती जितकं चांगलं काम करील..."

"हं," म्हातारी म्हणाली. "खा तू."

तेव्हापासून बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला. सुन्ना काम करायची आणि ते उत्तम व्हायचं. चौकटीला जॅक लावून तिने दबलेला भाग तसूतसूने बाहेर ढकलला. चिरेच्या दोन्ही अंगांना ग्राइंडरने खाच पाडली, वेल्डिंग केलं, वरून पोलादी पट्टी कापून बसवली. मग सुतळी घेऊन एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलं, आणि तेच उलट्या अंगाने. "सारखं आलं!" ती खुशीत म्हणाली. "कारखान्यातून आली तेव्हासुद्धा इतकी सरळ नसेल." इस्सातला वाटलं, जरा वाकडी राहिली असती तर काय बिघडत होतं?

*

चौकट परत धडाला जोडायचा दिवस आला. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून हातोड्याने ठोकायचं, दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा रेटून धरायचा. इस्सात गाडीच्या पोटाखाली पाठीवर आडवा झाला आणि त्याने ठोकळा रेटून धरला. वर सुन्ना. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. मामा जेवणानंतर आत घोरत होता, हे देवानेच केलं म्हणायचं.

ठक ठक ठक. एक रिव्हेट बसला.

"इस्सात."

"अं?"

"तुला बायको हवीय की फुकटची मिस्त्री?"

दोन रिव्हेट होईपर्यंत खालून आवाज आला नाही. मग आला. "मिस्त्री होतीच की. तिच्यासाठी फेऱ्या कशाला मारल्या असत्या?"

ठक ठक. जरा हळू.

"मी गॅरेज सोडणार नाही."

"नको सोडूस."

"तू वसंतात समुद्राकडे जाशील. मी येईन कधी, कधी नाही येणार. इथे गाड्यांची रांग असते."

"शरदात मी परत येतो. रेनडिअर वर्षभर फिरतात, त्यांचं काही अडत नाही."

हे तो इतक्या पटकन बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. वर हातोडा थांबला. मग सुन्नाचा आवाज आला, जरा बारीक झालेला.

"लोक हसतील रे. तुझे लोक. म्हणतील, इस्सातची बायको कुठे असते पत्ता नाही, आली तर हाताला डिझेलचा वास. शेकोटीभोवती वर्षानुवर्षं तेच चालेल. चालेल तुला? खरं सांग."

आता इथेच, अगदी इथेच त्याने बोलायला हवं होतं. तोंड उघडून एक शब्द! पण इस्सातने ती शेकोटी डोळ्यांसमोर आणली. कोण कुठे बसेल, कोण काय बोलेल, कोण हसून खोकला आल्याचं सोंग करील, सगळं नीट बघितलं. त्याला प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं होतं, म्हणून त्याने तो खरोखर तपासला. त्यात वेळ गेला.

"बरं," वरून आवाज आला. "राहू दे. ठोकळा नीट धर." आणि पुढचे सगळे रिव्हेट तिने एका दमात मारले.

संध्याकाळी तो स्कीवर घरी निघाला. उन्हं अजून चांगली होती, एप्रिलात आमच्याकडे ती मावळायचं नाव घेत नाहीत. नदीच्या बरोबर मधोमध, एका पायाखाली नॉर्वे आणि दुसऱ्याखाली फिनलंड असताना, त्याला उत्तर सापडलं.

"हसू देत की!" तो मोठ्याने म्हणाला. "हसू देत! मला काय त्याचं!"

ऐकायला कुणी नव्हतं. तो तिथेच थांबला. परत जावं आणि सांगावं? पण काय सांगणार, सुन्ना, दुपारच्या प्रश्नाचं उत्तर आणलंय? त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने स्कीची काठी बर्फात खुपसली आणि ती उपसायला मग त्याला पाच मिनिटं लागली. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सरळ, सुरेख, कधीही न बिघडणारी चौकट त्याला समोर दिसत राहिली.

*

सकाळी शेजाऱ्याने त्याला आपल्या गाडीवरून पलीकडे सोडलं आणि घाईने परत गेला. इकडे इस्सातच्या अंगणात सगळी वस्ती जमली होती, घसरगाड्यांवर तंबू, भांडी, कातडी लादत होती. संध्याकाळी बर्फ कडक झालं की निघायचं होतं.

सुन्नाच्या दारात गाडी तयार उभी होती. पुसून लख्ख केलेली. इस्सातने एखादा तरी ओरखडा शोधला, सापडला नाही. मामा दोन्ही पायांवर धडधाकट उभा होता. आज तो नाटक विसरला होता. गाद्या पायरीवर बसलेली.

"झाली," सुन्ना म्हणाली. तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. "पण नव्याने बसवलेली चौकट मी आधी स्वतः चालवून बघते. मगच मालकाच्या हवाली."

"सुन्ना," इस्सात म्हणाला. "काल तू..."

तिने इंजिन सुरू केलं. बाकीचं वाक्य त्या आवाजात बुडालं.

त्यांना वाटलं, नदीवर एक चक्कर मारून येईल. ती नदीवर उतरली, आणि वळलीच नाही. सरळ पलीकडे गेली, चढ चढली आणि इस्सातच्या घराच्या मागे दिसेनाशी झाली. मग दुसऱ्या बाजूने बाहेर आली. पुन्हा मागे गेली.

"ब्रेक लागत नाहीयेत का?" मामाने डोळ्यांवर हात धरला.

ती दुसऱ्यांदा बाहेर आली. अंगणातल्या माणसांनी हातातली कामं टाकली होती. तिसऱ्या फेरीला तिने वेग कमी केला, घराच्या प्रत्येक कोपऱ्याला सावकाश, बेताने वळसा घातला, आणि इस्सातच्या दारासमोर येऊन थांबली. इंजिन बंद झालं. एवढ्या लांबूनही ती शांतता ऐकू आली.

"अरे देवा," मामा पुटपुटला. "ही तर मागणी घालायला गेलीय!"

"डोळे आहेत मला," गाद्या म्हणाली. आणि ती पिशवी घ्यायला आत गेली.

"पण हा तर इथे आहे! दारातून बाहेर येणार कोण?" मामाने इस्सातच्या पाठीत गुद्दा घातला. "अरे गाढवा, ती तुझ्या दारात बसलीय आणि तू घरी नाहीस! कुणी बाहेर आलं नाही तर ती वळून परत येईल. मग संपलं! पळ!"

आणि काय सांगावं, इस्सात पळाला. विचार न करता पळाला. वाट सोडून आडवा गेला आणि चार पावलांत कमरेइतका बर्फात रुतला, कारण उन्हाने वरचा थर मऊ झाला होता. सुन्नाची स्वतःची गाडी गॅरेजमध्ये भागाभागांत पडलेली होती, मिस्त्रीची गाडी कधी धड असते का? राहता राहिली गाद्याची खुर्चीवाली घसरगाडी. लाकडी खुर्ची, खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, मागे उभं राहून एका पायाने रेटत न्यायची. म्हातारी तिच्यावरून दुकानात जाते. इस्सातने ती ओढून काढली आणि बघतो तर गाद्या खुर्चीत बसलेली, मांडीवर पिशवी.

"मावशी, उतरा! मला घाई आहे!"

"माझी मुलगी मागणी घालायला गेलीय आणि मी घरी बसू? रेट!"

वाद घालायला वेळ नव्हता. त्याने रेटली. गाडीने दाबलेल्या वाटेवरून ती खुर्ची सुसाट निघाली. गाद्या एका हाताने टोपी धरून "आणखी जोरात!" म्हणून ओरडत होती. मागे मामा दोन्ही पायांनी धावत होता, आणि चांगला धावत होता. नदीच्या मध्यावर इस्सातच्या छातीत कळ यायला लागली. पलीकडचा चढ त्याने कसा चढला हे त्याचं त्यालाच माहीत नाही. बहुधा म्हातारीसकट खुर्ची उचलूनच.

अंगणात सगळी वस्ती गोल करून उभी होती. "इस्सात, तुला स्थळ आलंय रे!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. "मुलगी कामसू आहे, हात बघ!" दुसरा म्हणाला. आणखी हशा.

सुन्ना गाडीवर ताठ बसून नाकासमोर बघत होती. तिचे दोन्ही हात उघडे, हँडलवर, सगळ्यांना दिसतील असे. नखांत काळं, बोटांच्या पेरांत काळं. ती ते लपवत नव्हती. पण ओठ घट्ट मिटलेले होते, आणि इतक्या जवळून इस्सातला दिसलं, तिची हनुवटी थरथरत होती. गॅरेजमध्ये एवढाल्या इंजिनांना न भिणारी सुन्ना भ्यायली होती. त्याच्यामुळे! त्याला ते सहन होईना.

तो गाडीच्या मागे गेला. मागे काहीच जोडलेलं नव्हतं. खीळ नाही, घसरगाडी नाही, सोडायला काहीच नाही. लोक पुन्हा हसले. एकजण खोकला.

इस्सात पुढे आला, गाडीच्या डाव्या अंगाला गुडघ्यावर बसला. कडेचं झाकण उघडलं, आत हात घातला, पुली दाबली आणि रबरी पट्टा उपसून बाहेर काढला. इंजिनाची ताकद गाडीला पोचते ती त्या पट्ट्यातून. तो नसला तर इंजिन दिवसभर बोंबलू दे, गाडी तसूभर हलत नाही. हे तिथल्या लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. त्याने तो काळाकुट्ट पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला आणि उभा राहून वस्तीकडे बघितलं.

हसणं थांबलं. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

सुन्नाने आता कुठे मान वळवली. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला गेली तर गालावर काळा पट्टा उमटला.

"आता मी घरी कशी जाऊ?" ती म्हणाली. "गॅरेज उघडं टाकून आलेय. दुपारी गिऱ्हाईक येणार आहे."

"तुझ्या आईच्या खुर्चीवरून सोडतो," इस्सात ताबडतोब म्हणाला. "गिऱ्हाईक यायच्या आत. आणि उद्याही, परवाही, म्हणशील तेव्हा."

ताबडतोब! मामाने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि धापा टाकत त्याने शेजाऱ्याला विचारलं की आपल्याला बरोबरच ऐकू आलं ना.

"मी मुळीच उतरणार नाही," गाद्या खुर्चीतून म्हणाली. "हवं तर सुन्नाला माझ्या मांडीवर घ्या." आणि तिने पिशवीतून बाटली काढली. अर्धीच उरली होती, पण सगळ्यांना घोट घोट पुरली.

कळप त्या वर्षी एक दिवस उशिरा निघाला.